ताप उतरल्यानंतरचे महिने

ताप उतरला की आजार संपला, असा घरोघरचा हिशोब असतो. मोनोन्यूक्लिओसिस, म्हणजे बोलीत मोनो, त्या हिशोबात बसत नाही. दोनेक आठवड्यांत माझा ताप गेला, घसा मोकळा झाला, मानेतल्या गाठी ओसरायला लागल्या आणि सगळ्यांनी मला बरी ठरवून टाकलं. खरी देखभाल त्यानंतर सुरू झाली. ताप असताना काय करायचं ते डॉक्टर सांगतात. ताप गेल्यावर सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कसं वागायचं, हे मात्र बरंचसं स्वतःलाच शोधावं लागतं.

सुरुवात साध्या घसादुखीसारखीच झाली. टॉन्सिल्सवर पांढरा थर दिसत होता, म्हणून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, आणि काही दिवसांत छाती-पाठीवर लाल पुरळ उठलं. ते पुरळ, मानेच्या मागच्या बाजूला आलेल्या गाठी आणि सकाळी सुजलेल्या पापण्या पाहून डॉक्टरांना शंका आली. मोनोची पहिली झटपट चाचणी निगेटिव्ह आली. आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती बऱ्याच जणांची निगेटिव्ह येते, कारण तिला लागणाऱ्या अँटिबॉडी रक्तात तयार व्हायला वेळ लागतो. पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट प्रकारच्या पेशी निम्म्याहून जास्त होत्या आणि त्यातल्या बऱ्याच वेगळ्याच आकाराच्या होत्या. नंतर मोनो ज्याच्यामुळे होतो त्या एपस्टाइन-बार विषाणूच्या अँटिबॉडींची तपासणी केली तेव्हा निदान पक्कं झालं.

त्या पुरळाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मोनो असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन घेतलं तर असं पुरळ उठू शकतं, आणि त्याचा अर्थ त्या माणसाला पेनिसिलिनची कायमची ॲलर्जी आहे असा होत नाही. माझ्या फाइलवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असं लिहिलं गेलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर पुढे आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरने त्या गटाची औषधं टाळली असती. बरी झाल्यावर मी मुद्दाम विषय काढून त्याची शहानिशा करून घेतली.

विषाणूवर औषध नाही, हे ऐकल्यावर पहिल्यांदा हताश व्हायला होतं. असायक्लोव्हिर या विषाणूरोधक गोळीने घशातल्या विषाणूचं प्रमाण कमी होतं, पण आजारपण काही कमी होत नाही. स्टिरॉइड देतात ते श्वासाचा मार्ग बंद व्हायची वेळ आली किंवा तशीच गंभीर गुंतागुंत झाली तर. बाकी सगळं शरीरावर सोपवायचं आणि आपण त्याच्या आड यायचं नाही. माझ्या डॉक्टरांचं म्हणणं असं होतं, की या आजारात प्रिस्क्रिप्शन लहान असतं आणि पेशंटचं काम मोठं.

पहिल्या दिवसांतलं काम म्हणजे गिळणं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा पोटभर जेवणाचा आग्रह सोडून दिला आणि पाण्याकडे लक्ष ठेवलं. एका वेळी पेलाभर पाणी जात नव्हतं, म्हणून उशाशी बाटली ठेवून जाग येईल तेव्हा दोन घोट घेत राहिले. लघवीचा रंग गडद झाला की पाणी कमी पडतंय हे कळायचं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गार आणि मऊ पदार्थ, तोंडात बर्फाचा तुकडा, इतकंच. गिळायला सगळ्यात सोपा काळ पॅरासिटामॉल घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने येतो, हे लक्षात आल्यावर खाणं-पिणं त्याच वेळेला बांधून घेतलं. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच गोळीने पडला नाही.

पॅरासिटामॉलचीही मोजणी ठेवावी लागते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. पण मोनोमध्ये बहुतेकांच्या लिव्हरवर थोडाफार परिणाम होतोच. माझीही लिव्हरची एन्झाइम वाढलेली होती, म्हणून डॉक्टरांनी मला २ ग्रॅमच्या वर जाऊ नका असं बजावलं होतं. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे घरात कुणी प्रेमाने पुढे केलेली गोळी आधी पाकिटावरचं वाचून मगच घ्यायची. दारू तर रिपोर्ट पूर्ववत होईपर्यंत वर्ज्य. आणि घरात ताप असलेलं लहान किंवा वयात येणारं मूल असेल तर त्याला ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही, कारण विषाणूच्या तापात त्यातून राय सिंड्रोमचा, म्हणजे मेंदू आणि लिव्हरवरच्या जीवघेण्या आजाराचा, धोका असतो.

टॉन्सिल्स इतक्या सुजल्या होत्या की आडवं पडलं की घोरण्यासारखा आवाज यायचा. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखी झोपत होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, लाळही गिळता न येणं, बोलताना धाप, यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे भावाला आणि आईला आधीच सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. पण सांगून ठेवल्यामुळे मला झोप लागत होती, हेही खरं.

मग प्लीहेचं, म्हणजे स्प्लीनचं प्रकरण. मोनोमध्ये जवळजवळ निम्म्या रुग्णांची प्लीहा वाढते. ती बरगड्यांच्या खाली डाव्या बाजूला असते आणि वाढली की नाजूक होते. ती फुटणं अगदी विरळ, शंभरात एकाहूनही कमी. पण फुटली तर जिवावर बेततं, आणि बहुतेक वेळा ते आजाराच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत घडतं. म्हणजे नेमकं त्या काळात, जेव्हा ताप गेलेला असतो आणि माणसाला उठून काहीतरी करावंसं वाटायला लागलेलं असतं. मी बॅडमिंटन खेळते. धक्काबुक्कीचा खेळ नाही, तरी किमान महिनाभर कोर्टवर पाय ठेवायचा नाही असं ठरलं. जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. यात एक कुणी न सांगितलेला भाग येतो, तो म्हणजे बद्धकोष्ठ. झोपून राहणं, कमी खाणं आणि कमी पाणी या तिन्हींनी ते होतंच, आणि कुंथणं हाही जोरच. मी डॉक्टरांना सरळ विचारलं आणि त्यांनी सौम्य औषध दिलं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

डाव्या बाजूला वर अचानक पोट दुखलं, किंवा काही न लागता डाव्या खांद्याच्या टोकाला कळ आली, तर ताबडतोब हॉस्पिटल, हे मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. खांद्याचं ऐकून भाऊ हसला होता. पोटात रक्त साचलं की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याजवळच्या नसेमुळे ती कळ खांद्यात जाणवते, हे समजावल्यावर त्यानेच तो कागद माझ्या खोलीच्या दारावरही लावला.

त्याची स्वतःची काळजी वेगळी होती. “ताई, मलाही होणार का गं?” हा विषाणू लाळेतून पसरतो. आपल्या अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडे जातात, आणि बरं झाल्यावरही तो कित्येक महिने लाळेत येत राहतो. इतक्या काळासाठी कुणाला वेगळ्या खोलीत ठेवणं शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. लहानपणी झाला तर साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो. पेला, चमचा आणि टूथब्रश वेगळा ठेवला, माझं उष्टं कुणी घ्यायचं नाही आणि मी कुणाचं घेणार नाही एवढं पाळलं, आणि बाकी सगळे एकाच घरात नेहमीसारखे राहिलो. भावाला काही झालं नाही. बहुधा त्याला तो कधीचाच होऊन गेला असावा.

आता थकव्याबद्दल. हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

मी शाळेत शिकवते. दमणं मला माहीत आहे. दिवसभर उभं राहून, पाच वर्गांशी बोलून, वर पेपर तपासून येणारा शीण रात्रीच्या झोपेने जातो. मोनोनंतरचा थकवा झोपेने जात नाही. दहा तास झोपून उठल्यावर दात घासताना हात खाली घ्यावासा वाटायचा. केस विंचरून झाल्यावर पुन्हा अंथरुणावर बसावं लागायचं. एकच परिच्छेद तीनदा वाचून त्यात काय होतं ते आठवायचं नाही. एका वहीतल्या गुणांची बेरीज दोनदा केली तर दोन उत्तरं आली. तेव्हा मी वह्या बाजूला ठेवल्या आणि मुख्याध्यापिका बाईंना फोन करून सांगितलं, की हे काम सध्या माझ्याकडून होणार नाही.

आणि या थकव्याची चाल सरळ नसते. मला जरा बरं वाटलं म्हणून एका संध्याकाळी मी मैत्रिणीशी तासभर गप्पा मारल्या. त्या वेळी काहीच झालं नाही. रात्री झोपही चांगली लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून अंग मोडून आलं, घसा परत खवखवायला लागला, आणि तिसरा दिवस सगळा पडून गेला. आधी वाटलं, आजार उलटला. मग असं पुन्हा झालं, आणि दर वेळी मधे एक दिवस जात होता. शरीर त्या क्षणी उधार देतं आणि वसुलीला दोन दिवसांनी येतं. त्यामुळे ‘आत्ता कसं वाटतंय’ या प्रश्नाचं उत्तर माझ्या काही कामाचं नव्हतं. आजचं जमलं की नाही, हे परवा कळणार होतं.

म्हणून एक वही केली. डाव्या पानावर दिवसभरात काय केलं ते, आणि उजवीकडचं पान कोरं. ते दोन दिवसांनी भरायचं. काही आठवड्यांत त्यातून जे दिसलं ते मला अंदाजाने कधीच कळलं नसतं. घरातल्या घरात फिरण्याची किंमत जवळजवळ शून्य होती. फोनवर बोलण्याची मात्र फार होती. समोरासमोर बोलण्यापेक्षा फोन जास्त दमवतो, कारण कानाने सगळं पकडावं लागतं, असा माझा तर्क. बसून केलेलं काम आणि तेच उभ्याने केलेलं काम यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. कडक पाण्याने अंघोळ केली की चक्कर यायची, आणि कोमट पाण्याने, स्टुलावर बसून केली की यायची नाही. पाहुणे दोन असतील तर चालायचं, चार आले की चालायचं नाही, कारण चार जण असले की ते एकमेकांशीही बोलतात.

वहीवरून नियम आपोआप ठरत गेले. दोन कामांच्या मधे आडवं व्हायचं, आणि तेही थकायच्या आधी. थकल्यावर आडवं झालं तर फार उशीर झालेला असतो. आडवं होणं म्हणजे डोळे मिटून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मोबाइल हातात घेऊन पडण्याला माझ्या वहीत विश्रांती म्हणून जागा नव्हती. तिसऱ्या दिवशीच्या पानाने ते वारंवार दाखवून दिलं. आणि सगळ्यात जपायचे ते चांगले दिवस. वाईट दिवशी माणूस काही करतच नाही, सगळं नुकसान चांगल्या दिवशी होतं. अंगात दम आहेसं वाटलं की जेवढं करता येईलसं वाटतंय त्याच्या साधारण दोन-तृतीयांश करायचं आणि उरलेलं ठेवून उठायचं. अर्धी कपाटाची आवरासावर करून उरलेला पसारा डोळ्यांसमोर तसाच सोडणं मला फार जड जायचं.

आईचं मत वेगळं होतं. “उठल्याशिवाय, चालल्याशिवाय ताकद कशी येणार?” तिचं अगदीच चूक नव्हतं. १९६४ मध्ये मोनो झालेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला होता. काहींना सक्तीने अंथरुणात ठेवलं, काहींना झेपेल तसं वावरू दिलं. झेपेल तसं वावरणारे लवकर बरे झाले. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने उतरतात, उभं राहिलं की छाती धडधडायला लागते, आणि मग तो अशक्तपणा आजाराचा की पडून राहण्याचा हे सांगता येत नाही. पण ‘झेपेल तसं’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. मी आईला वही दाखवली. तिने ती शांतपणे वाचली, आणि त्यानंतर चालायला चल म्हणण्याआधी “परवाचं पान काय म्हणतंय?” असं विचारायला लागली. हे आमचं दोघींचं चांगलं जमलं. दाराबाहेर जाऊन परत, मग कोपऱ्यापर्यंत, तिथेच काही दिवस थांबून, वहीत पडझड दिसली नाही तरच पुढे. दिसली तर एक पायरी मागे, बिनतक्रार.

थकव्याहून अवघड गेली ती एक गोष्ट म्हणजे चांगलं दिसणं. ताप नाही, प्लास्टर नाही, चेहरा ठीक. “बरी दिसतेस की!” हे वाक्य लोक चांगल्या मनाने म्हणतात आणि ऐकणारी अपराधी होते. “मनावर घेतलंस तू फार” हेही ऐकून झालं. ऑस्ट्रेलियातल्या डबो इथे झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तेव्हा माझ्या फार उपयोगी पडला. मोनो, क्यू ताप आणि रॉस रिव्हर विषाणू अशा तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांचा त्यांनी माग ठेवला. सहा महिन्यांनंतरही साधारण १२ टक्के जणांना रेंगाळणारा थकवा होता. तो कुणाला राहील याचा अंदाज कशावरून येत होता, तर सुरुवातीचा आजार किती तीव्र होता त्यावरून. स्वभावावरून किंवा आधीच्या मानसिक अवस्थेवरून नाही. मी हे पाठ केलं होतं. कुणाला ऐकवायचा प्रसंग फार थोडा आला, पण रात्री स्वतःला ऐकवायला उपयोगी पडलं.

रात्रीचं वाचन मात्र बंद केलं. एपस्टाइन-बार विषाणूबद्दल शोधलं की सगळ्या प्रकारचं भीतीदायक समोर येतं. १९६४ मध्ये अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना हा विषाणू सापडला तोच एका ट्यूमरच्या पेशींत, तेव्हा कर्करोगाचा उल्लेख येणारच. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवरून त्याचा मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराशी घट्ट संबंध दाखवला गेला. हे सगळं खरं आहे. पण ज्या विषाणूने बहुतेक सगळ्या माणसांना गाठलेलं आहे, त्यातल्या फार थोड्यांना पुढे असलं काही होतं, हा अर्धा भाग रात्री दोन वाजता डोक्यात शिरत नाही. त्याऐवजी एक गोष्ट मला आवडली. या विषाणूचा मोनोशी संबंध १९६८ मध्ये पक्का झाला तो फिलाडेल्फियात, वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले यांच्या प्रयोगशाळेत. तिथे काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या अँटिबॉडी नव्हत्या, म्हणून तिचं रक्त प्रयोगात वापरत. ती आजारी पडली, मोनो झाला, आणि परत आल्यावर तिच्या रक्तात त्या अँटिबॉडी होत्या. माझ्यासारखीच कामावर परतलेली एक बाई. तिला परत आल्यावर किती दिवस खुर्चीवर बसून काम करावं लागलं असेल, असं मनात यायचं.

मला बराच काळ करावं लागलं. शाळेने आधी अर्धा दिवस दिला, तोही सलग दिवशी नाही, मधे एक दिवस सोडून, कारण वसुलीला मधला दिवस लागतो हे मी वही दाखवून पटवलं. वर्गात खुर्ची ठेवली. फळ्यावर लिहायचं काम मुलांकडे गेलं आणि त्यांनी ते इतक्या उत्साहाने उचललं की बरी झाल्यावर परत घेताना कुरकुर झाली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न जाता लायब्ररीच्या मागच्या खोलीत वीस मिनिटं पडून राहायचे. सहकाऱ्यांपैकी एकीला सगळं नीट सांगितलं, आणि बाकीच्यांनी माझ्याऐवजी तिला विचारावं असं ठरवलं. रोज दहा जणांना प्रकृती सांगणं हेही वहीत मोजलं जाणारं काम होतं.

खेळायला परवानगी मिळाली तेव्हा डॉक्टरांनी पोट तपासून प्लीहा हाताला लागत नसल्याची खात्री केली. रिपोर्टमध्ये लिव्हर पूर्ववत आलं होतं. तरी पहिले काही दिवस मी रॅकेट नेली नाही, नुसती कोर्टच्या बाजूला बसून इतरांचे गुण मोजले आणि दोन दिवस वाट पाहिली. मग एक छोटा डाव, पुन्हा दोन दिवस. सहा महिने उलटूनही काम केल्यावर असाच ढासळण्याचा प्रकार टिकला तर ठरावीक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेऊ नका, परत या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. दीर्घकालीन थकव्याच्या आजारात अशा चढत्या व्यायामाची शिफारस ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतली आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास उजवी पानं रिकामीच राहायला लागली, म्हणजे लिहिण्यासारखं काही घडेनासं झालं. सर्दी झाली की मात्र अजून वही काढते, आणि शाळेतले जादा तास या वर्षी घेतलेले नाहीत.